कामाची फोड : रोजगाराभिमुख प्रशिक्षणाच्या आखणीचा इतिहास

एखाद्या ठरावीक कामावर रुजू होण्यासाठी माणसाला काय, किती आणि कोणत्या क्रमाने शिकवायचे हे ठरवणारा आखणीकार ही औद्योगिक युगाची निर्मिती आहे, आणि भारतात त्याचा इतिहास जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जातो. त्याआधी सुतार, लोहार, तांबट, साळी, रंगारी यांच्या घरांत कसब बापाकडून मुलाकडे जात असे. शिकण्याची आणि काम करण्याची जागा एकच होती, कामाचा कस गिऱ्हाईक लावत होते, त्यामुळे अभ्यासक्रमाची गरज कोणाला भासली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या, १८५३ पासून आगगाडी धावू लागली, तिच्या मागोमाग इंजिने आणि डबे दुरुस्त करणारे मोठे कारखाने आले, आणि बाष्पयंत्र चालवणे, साचा लावणे, लेथवर दांडा कातणे अशी कामे निर्माण झाली, ज्यांना कोणत्याही जातीच्या घरात पूर्वपरंपरा नव्हती. ही कामे कोणीतरी बाहेरून पाहून, त्यांचे टप्पे पाडून, अनोळखी मुलांना शिकवणे भाग होते. आखणीकाराचा व्यवसाय याच गरजेतून जन्मला.

या व्यवसायाचे मूळ तंत्र म्हणजे कामाची फोड. एखादे काम कोणत्या कृतींनी बनले आहे, त्यांतील सोपी कोणती आणि अवघड कोणती, कोणती कृती आल्यावाचून दुसरी येत नाही, हे शोधून त्यानुसार शिकवण्याचा क्रम लावणे, एवढा या संज्ञेचा अर्थ आहे. या तंत्राची पहिली सुस्पष्ट मांडणी मॉस्कोच्या शाही तंत्रविद्यालयाचे संचालक व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी १८६८ च्या सुमारास केली. त्यांनी शिकवण्याची कार्यशाळा उत्पादनाच्या कार्यशाळेपासून वेगळी केली आणि सुतारकाम, लोहारकाम, कातकाम, जुळणी अशा प्रत्येक कसबाच्या मूळ कृती निवडून त्यांवर चढत्या अवघडपणाचे सराव-नमुने बेतले. एकेका शिक्षकाला एकेका शिकाऊ मुलाजवळ बसवण्याऐवजी एका शिक्षकाने अनेकांना एकाच वेळी तीच कृती करून दाखवायची, ही सोय त्यामुळे झाली. हे नमुने १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या आणि १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मांडले गेले, अमेरिकेतील तंत्रशिक्षणावर त्यांचा खोल परिणाम झाला, आणि पुढे जगभरच्या प्रशिक्षणशाळांमध्ये मुलांनी पहिल्या दिवशी कानस हातात घेतली ती बहुतांशी याच पद्धतीच्या वळणाने.

या पद्धतीला पुढे एक महत्त्वाची पुरवणी अमेरिकेतून मिळाली. पहिल्या महायुद्धात तेथील जहाजबांधणीच्या गोद्यांना अल्पकाळात हजारो कामगार हवे होते. त्यांच्या प्रशिक्षणाचा अनुभव असलेल्या चार्ल्स ॲलन यांनी १९१९ मध्ये ‘द इन्स्ट्रक्टर, द मॅन अँड द जॉब’ हा ग्रंथ लिहिला. वस्तू तयार होताना कृतींचा जो क्रम असतो तोच शिकवण्याचाही क्रम असला पाहिजे असे नाही, हा त्यांचा मुद्दा आखणीच्या शास्त्रात पायाभूत ठरला. कारखान्यात जी कृती सर्वांत आधी येते ती शिकायला सर्वांत अवघड असू शकते. अशा वेळी आखणीकाराने उत्पादनाचा क्रम मोडून शिकण्याचा क्रम नव्याने रचायचा असतो. हे करण्यासाठी काम मुळातून पाहावे लागते. ते पाहण्याची संधी आणि सक्ती आखणीकाराला कधी मिळाली व कधी मिळाली नाही, या प्रश्नाच्या अंगाने भारतातील इतिहास वाचला तर त्यातील यशापयशाचा उलगडा बऱ्याच अंशी होतो.

मुंबईत १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची माटुंग्याची व्हीजेटीआय, ही पश्चिम भारतातील या दिशेची पहिली मोठी संस्था. ती प्रारंभी भायखळ्याला होती आणि यंत्रकाम व वस्त्रनिर्मिती हे तिचे प्रमुख विषय होते, कारण गिरण्या आणि त्यांचे कारखाने जवळच होते. बडोद्यात महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांनी उभारलेल्या कलाभवनाची जडणघडण मात्र निराळी होती. गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. कापड रंगवण्याच्या धंद्यात युरोपातील कृत्रिम रंग येऊन परंपरागत रंगाऱ्यांचे ज्ञान अपुरे पडू लागले आहे, हे त्यांनी ओळखले होते, आणि म्हणून रंगकामाचे शिक्षण त्यांनी रसायनशास्त्राच्या पायावर बसवले. धंद्याचे शिक्षण देशी भाषेतून मिळाले पाहिजे या आग्रहापोटी त्यांनी तांत्रिक पुस्तके आणि परिभाषा तयार करण्याचे काम हाती घेतले. इंग्रजी न येणाऱ्या कारागिराला वर्गाबाहेर ठेवणारी योजना ही त्याच्या धंद्यासाठी केलेली योजना असूच शकत नाही, हे एवढ्या आधी ओळखणारा दुसरा आखणीकार त्या काळात क्वचितच आढळेल. पुढे भारतीय चित्रपटनिर्मितीचा पाया घालणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी होते. गज्जर १८९० च्या दशकातच बडोदा सोडून मुंबईला गेले आणि त्यांच्या आखणीतील बराच भाग अपुरा राहिला, ही या इतिहासातील खरी हानी आहे.

स्त्रियांच्या बाबतीत आखणीचे सर्वांत विचारपूर्वक काम पुण्यात झाले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून ससून रुग्णालयाशी संबंध जोडला. येथे शिकवण्याचा विषय नोकरीच्या जागेवरून ठरला होता, आणि घराबाहेर रात्रपाळी करणाऱ्या बाईला समाजात उभे राहता यावे यासाठी वसतिगृह, देखरेख आणि प्रतिष्ठा यांचीही तजवीज त्या आखणीचा भाग होती. शिकणाऱ्या व्यक्तीच्या अडचणींना अभ्यासक्रमाच्या बाहेरची बाब न मानण्याची ही दृष्टी सरकारी योजनांमध्ये फार उशिरा आली.

नोकरी देणाऱ्यांना काय हवे आहे याची पद्धतशीर चौकशी भारतात प्रथम १९१२ मध्ये झाली. रुरकी येथील थॉमसन कॉलेजचे प्राचार्य लेफ्टनंट कर्नल ॲटकिन्सन आणि मुंबईच्या व्हीजेटीआयचे प्राचार्य डॉसन यांना सरकारने तंत्रसंस्था आणि कामगार नेमणारे मालक यांच्यात निकटचा व्यवहार्य संबंध कसा निर्माण होईल हे पाहण्यास सांगितले. मालकांना पदवीपेक्षा कारखान्यात घासून तयार झालेला माणूस अधिक पसंत आहे, असे या चौकशीत दिसून आले. १९१६ ते १९१८ या काळात सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली काम करणाऱ्या औद्योगिक आयोगानेही हाच धागा पुढे नेला आणि संघटित उद्योगांसाठी कारखान्यातील उमेदवारीला सैद्धांतिक वर्गांची जोड द्यावी अशी शिफारस केली. या दोन्ही प्रयत्नांचे मोल मोठे आहे. तथापि त्यांत मालकाला विचारले गेले, प्राचार्याला विचारले गेले, पण ज्याच्या हातांनी ते काम रोज होत होते त्या मिस्त्रीला किंवा जॉबरला, म्हणजे गिरणीतील मुकादमाला, कोणी विचारले नाही. १९३७ मध्ये ॲबट आणि वुड या इंग्लंडच्या शिक्षणखात्याशी संबंधित दोन तज्ज्ञांनी दिलेल्या अहवालाने व्यवसायशिक्षणाचा विस्तार उद्योगांच्या वाढीपेक्षा फार पुढे जाऊ नये असा इशारा दिला. शिकून बेकार राहिलेला तरुण हा कोणत्याही योजनेवरचा कठोर अभिप्राय असतो, त्यामुळे हा सल्ला शहाणपणाचा होता. पण उद्योग वाढवण्याची जबाबदारी टाळणाऱ्या राज्यकर्त्यांना त्याने एक सोयीची सबबही पुरवली.

हे चित्र पालटले ते दुसऱ्या महायुद्धाने. दारूगोळ्याचे कारखाने, लष्करी वाहने आणि विमानांची दुरुस्ती यांसाठी फिटर, टर्नर, वेल्डर, वीजतंत्री यांची एवढी निकड निर्माण झाली की भारत सरकारने १९४० मध्ये तंत्रप्रशिक्षणाची स्वतंत्र योजना सुरू केली आणि ती कामगार खात्याच्या हाती दिली. जुलै १९४२ ते १९४६ या काळात हे खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. त्यांच्या कारकिर्दीत तंत्रप्रशिक्षण आणि रोजगार विनिमय केंद्रे, म्हणजे काम शोधणारा आणि माणूस शोधणारा यांची गाठ घालून देणारी कार्यालये, ही एकाच धोरणाची दोन अंगे म्हणून घडू लागली. ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने १९४१ पासून भारतीय कामगारांच्या तुकड्या तेथील कारखान्यांत शिकण्यासाठी जाऊ लागल्या. युद्धकाळातील प्रशिक्षणाचा दर्जा सर्वत्र सारखा होता असे म्हणता येणार नाही, पण एक गोष्ट निर्विवाद आहे : शिकलेला माणूस उद्या कोणत्या यंत्रापुढे उभा राहणार हे आखणीकाराला ठाऊक होते आणि त्याची चूक काही आठवड्यांतच कारखान्यातून परत त्याच्याकडे येत होती. इतका जवळचा हिशेब पुढे शांततेच्या काळात क्वचितच साधला.

युद्ध संपत आले तेव्हा सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांना नागरी रोजगारात बसवण्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले, फाळणीनंतर त्याची केंद्रे निर्वासितांसाठी खुली झाली आणि १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना या नावाने ती सर्व नागरिकांसाठी सुरू झाली. आज गावोगावी ‘आयटीआय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे मूळ असे युद्ध आणि विस्थापन यांत आहे. त्याच सुमारास, १९४८ मध्ये, बिलासपूरजवळ कोनी येथे शिकवणाऱ्यांना शिकवणारी पहिली केंद्रीय संस्था निघाली, आणि मुंबईत चुनाभट्टीला अशी संस्था १९६३ मध्ये आली. हातात कसब असणे वेगळे आणि ते दुसऱ्याच्या हातात उतरवणे वेगळे, हा भेद या संस्थांमुळे शासनाच्या रचनेत मान्य झाला, आणि शिल्पनिदेशक, म्हणजे एका व्यवसायाची कार्यशाळा सांभाळून शिकवणारा प्रशिक्षक, हे पद रूढ झाले.

आखणी प्रत्यक्षात कशी दिसते हे पाहण्यासाठी फिटर या दोन वर्षांच्या व्यवसाय अभ्यासक्रमाकडे जवळून पाहणे उपयोगी ठरते. आठवड्याचा बराचसा वेळ कार्यशाळेत जातो आणि उरलेला प्रामुख्याने व्यवसाय सिद्धांत, कार्यशाळा गणित व विज्ञान आणि अभियांत्रिकी रेखाकला यांत वाटला जातो. मुलाला आरंभी मऊ पोलादाचा एक तुकडा मिळतो, तो शेगड्यात घट्ट पकडून कानशीने त्याचा एक पृष्ठभाग सपाट करायचा असतो, मग त्याला लागून दुसरी बाजू काटकोनात आणायची असते; गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला असता पाते आणि पोलाद यांच्यामधून उजेड दिसला तर काम अजून झालेले नाही. पुढच्या सरावात धातूवर मापाच्या रेघा आखणे आणि पंच मारणे येते, त्यापुढे हॅक्सॉने कापणे, छिन्नीकाम, भोक पाडणे, आटे पाडणे, आणि अखेरीस दोन वेगवेगळे भाग असे जुळवायचे की एकातला उंचवटा दुसऱ्याच्या खाचेत अचूक बसावा. प्रत्येक सरावात आधीच्या सर्व कृती असतात आणि एखादीच नवी असते. मापातील परवानगीची तफावत, म्हणजे टॉलरन्स, टप्प्याटप्प्याने आवळत जाते. डेला-व्हॉस यांची चढती मालिका आणि ॲलन यांचा शिकण्याचा क्रम ही दोन्ही तत्त्वे त्या एका पोलादी तुकड्यात एकत्र आलेली दिसतात. कारखान्यात कोणताही फिटर दिवसभर हाताने सपाटी काढत बसत नाही, ही टीका या अभ्यासक्रमावर वारंवार झाली आहे आणि ती यंत्रांच्या बदलत्या काळात रास्तही आहे, परंतु कानशीतून येणारी मापाची नजर आणि हाताची शिस्त कशातून आणायची याचे उत्तर टीकाकारांनी पुरेसे दिलेले नाही.

शिवराव समितीच्या १९५४ च्या अहवालानंतर १ नोव्हेंबर १९५६ पासून या संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला, तर दर्जा, अभ्यासक्रम आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र यांची जबाबदारी केंद्राकडे राहिली आणि त्यासाठी त्याच वर्षी राष्ट्रीय परिषद नेमली गेली. प्रत्येक व्यवसायासाठी उद्योगांचे प्रतिनिधी असलेल्या समित्या अभ्यासक्रम ठरवू लागल्या. देशातील कामांची नावे, त्यांची वर्णने आणि त्यांना दिलेले क्रमांक यांची राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाची सूची १९५८ मध्ये तयार झाली व पुढे १९६८, २००४ आणि २०१५ मध्ये सुधारली गेली. आखणीकाराच्या टेबलावरील हे सर्वांत उपयोगाचे आणि सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. या साऱ्या रचनेमुळे नागपूरच्या वेल्डरचे प्रमाणपत्र चेन्नईत चालू लागले, ही तिची थोर देणगी आहे. पण तिची किंमतही होती : अभ्यासक्रम दूरच्या समितीत ठरू लागला, तो बदलायला वर्षे लागू लागली, आणि स्थानिक संस्थेतील प्राचार्य व निदेशक हे आखणीकार न राहता अंमलबजावणी करणारे झाले. भिवंडीच्या यंत्रमागाला, इचलकरंजीच्या सूतबाजाराला किंवा कोल्हापूरच्या ओतकामाच्या भट्ट्यांना हवे ते कसब त्या त्या जिल्ह्याच्या संस्थेने स्वतः हेरून शिकवावे, अशी मोकळीक या रचनेत फारशी उरली नाही.

शालेय शिक्षणाच्या अंगाने हाच प्रश्न १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगापुढे आला, ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी तत्पूर्वी गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाचे प्रयोग केले होते. आयोगाने कार्यानुभव आणि माध्यमिक स्तरावरील व्यवसायशिक्षण यांचा पुरस्कार केला, आणि १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने १९९५ पर्यंत उच्च माध्यमिकच्या २५ टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय अभ्यासक्रमाकडे वळवण्याचे उद्दिष्ट ठेवले, जे देशपातळीवर गाठता आले नाही. महाराष्ट्रात १९८४ मध्ये व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय वेगळे झाले आणि १९८८ पासून अकरावी-बारावीसाठी किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, म्हणजे ‘एमसीव्हीसी’, सुरू झाले. किमान कौशल्य या संज्ञेचा आशय असा की कामावर उभे राहण्यासाठी न चुकता आल्याच पाहिजेत अशा कृती निश्चित करायच्या आणि त्या येईपर्यंत सराव घ्यायचा. कल्पना उत्तम होती. पालकांनी मात्र या शाखेकडे गुण कमी पडलेल्यांची वाट म्हणून पाहिले, आणि नोकरीची हमी नसलेल्या आखणीला ही समजूत खोडून काढता आली नाही.

याच दशकात पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या आखणीत अभ्यासक्रमाची सुरुवात गावाच्या गरजेपासून होत असे : विहिरीसाठी पाण्याची जागा शोधणे, फेरोसिमेंटचे बांधकाम, लोखंडी दारे-खिडक्या जोडणे, वीजजोडणी करणे अशी कामे मुले गावासाठी करत आणि त्या कामाच्या ओघात मोजमाप, खर्चाचा अंदाज व विज्ञान शिकत. मूलभूत तंत्रज्ञानाचा हा विषय अनेक शाळांनी स्वीकारला. गिऱ्हाईक हाच परीक्षक, हे जुन्या कारागिराच्या घरातील तत्त्व येथे शाळेच्या चौकटीत परत आले, आणि महाराष्ट्रातील आखणीच्या इतिहासात त्याच्या तोडीचा मौलिक विचार फार थोड्यांनी केला आहे.

कामगारालाच विचारण्याची रीतसर पद्धत जगात १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात ‘डेकम’ या नावाने घडली. तिच्यात एखाद्या व्यवसायातील मोजके कुशल कामगार दोन-तीन दिवस एकत्र बसतात, आपण काय काय करतो ते एकेक कृती करून सांगतात, आणि संयोजक त्या कृती चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर क्रमाने लावतो. भारतात कामाचे लहान, स्वतंत्रपणे शिकता येणारे तुकडे पाडण्याचा विचार २००७ च्या मॉड्युलर एम्प्लॉएबल स्किल्स योजनेने आणला. शाळा सोडलेल्या, आधीच कोठेतरी राबत असलेल्या तरुणाला अल्प मुदतीत प्रमाणपत्र मिळावे हा तिचा हेतू होता. पुढे राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ, क्षेत्रनिहाय कौशल्य परिषदा, २०१३ ची कौशल्य पात्रता चौकट आणि २०१५ ची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आल्या, आणि २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना प्रशिक्षित करण्याच्या उद्दिष्टाने सारी आखणी संख्येभोवती फिरू लागली. प्रशिक्षण केंद्राला मिळणारा निधी भरती केलेल्या व उत्तीर्ण झालेल्या डोक्यांवर बेतला गेला की काम पाहायला जाणारा आखणीकार अनावश्यक ठरतो आणि तुकडी भरणारा संयोजक मोलाचा ठरतो. शारदा प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये क्षेत्रनिहाय कौशल्य परिषदांची संख्या घटवून त्या राष्ट्रीय उद्योग वर्गीकरणाशी जुळवाव्यात असे सुचवले, ते योग्यच होते.

या सर्व घडामोडींत सर्वांत दूरगामी बदल शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये झाला असे म्हणता येते. त्यातील ऐच्छिक व्यवसाय या तरतुदीने आस्थापनेला, म्हणजे माणसे नेमणाऱ्या कारखान्याला वा कंपनीला, सरकारी सूचीबाहेरच्या कामासाठी स्वतःचा अभ्यासक्रम आखण्याची मुभा दिली, आणि २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घेणे बंधनकारक केले. आखणीचा अधिकार अशा रीतीने पुन्हा कामाच्या जागी आला आहे. मात्र मोठ्या वाहन कंपनीकडे स्वतःचे प्रशिक्षण केंद्र असते, तसे चाकण किंवा शिरोलीच्या वसाहतीतील चाळीस माणसांच्या कारखान्याकडे नसते. तेथे आखणीचे काम मालक, सुपरवायझर आणि हिशेबनीस यांनी फावल्या वेळात करण्याची पाळी येते, आणि उमेदवार स्वस्त मजूर म्हणून राबवला जाण्याचा धोका तेथेच सर्वाधिक असतो. अशा पंधरा-वीस कारखान्यांनी मिळून एक पूर्णवेळ आखणीकार नेमावा, त्याने प्रत्येक कारखान्यातील कामाची फोड मिस्त्री आणि कामगार यांच्याशी बोलून करावी, आणि जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने सिद्धांताचे वर्ग चालवावेत, ही व्यवस्था सध्याच्या कायद्याच्या चौकटीत शक्य आहे आणि तिच्यासाठी लागणारा पैसाही मोठा नाही.